विमान शेवटी निवडायचं असतं

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात एअर इंडियाच्या नव्या विमानांबद्दल मी एक छोटं टिपण लिहिलं होतं. राष्ट्रीय म्हणवणाऱ्या विमानकंपनीनं ताफा बदलताना आधी मार्ग ठरवावेत, मग माणसं, मग पैसा आणि विमान सगळ्यात शेवटी, एवढंच त्यात म्हटलं होतं. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली काही इथे घेते आहे. माझी सगळी नोकरी मुंबईत विमानांच्या सुट्या भागांच्या नियोजनात गेली, आता पुण्यात लोहगाव विमानतळाजवळ टिंगरेनगरला राहते. तेव्हा उत्तरं गोदामाच्या बाजूनं येतील. विमान चुकीचं घेतलं की नाही हे गोदामातल्या फळ्यांवर फार लवकर दिसतं.

प्रश्न : मी राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झालो. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सनं २००६च्या सुमाराला मिळून १११ विमानं घेतली आणि त्या कर्जात कंपनी बुडाली, असं आपण सगळेच म्हणतो. पण २०२३ मध्ये त्याच एअर इंडियानं एकदम ४७० विमानांची मागणी नोंदवली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई, तेव्हाचं चूक आणि आताचं बरोबर, हे कोणत्या हिशेबानं? (कोथरूड)

तुम्ही कर्ज देणाऱ्याच्या खुर्चीतून विचारलंत, त्यामुळे आधी पैशाचंच बोलू.

त्या १११ विमानांत एअर इंडियाची ५०, तिच्या स्वस्त सेवेच्या एअर इंडिया एक्स्प्रेसची १८ आणि इंडियन एअरलाइन्सची ४३ होती. पहिल्या दोघांनी बोइंगची घेतली, तिसरीनं एअरबसची. २०११च्या अहवालात कॅगनं, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, त्यावर जे लिहिलं ते मुळातून वाचण्यासारखं आहे. एअर इंडियाचा मूळ प्रस्ताव २८ विमानांचा होता, तो काही महिन्यांत ६८वर गेला. एवढी खरेदी जवळपास सगळी कर्जावर होती. इंडियन एअरलाइन्सला सरकारनं दिलेलं ३२५ कोटींचं भांडवल सोडलं, तर मालकाच्या खिशातून काहीच नाही. तुमच्या टेबलावर एखादा कारखानदार स्वतःचा एक रुपया न घालता असा प्रस्ताव घेऊन आला असता तर तुम्ही काय केलं असतं?

पुढे काय झालं ते क्रमानं बघा. विमानाचं कर्ज आणि भाडं डॉलरमध्ये फेडायचं असतं आणि तिकिटाचे पैसे बहुतेक रुपयांत येतात. करार झाला तेव्हा डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०१३ मध्ये तो साठीच्या पुढे गेला. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर पोचलं. त्याच सुमाराला, २००७ मध्ये, दोन्ही कंपन्या एकत्र केल्या आणि व्यवस्थापनाचं सगळं लक्ष हुद्दे आणि पगारश्रेणी जुळवण्यात गेलं. २००८ला यायचं बोइंग ७८७ आलं सप्टेंबर २०१२ मध्ये. त्यानंतर चार महिन्यांत बॅटरीच्या बिघाडामुळे जगभरची ७८७ जमिनीवर बसवली गेली, त्यात आपलीही सहा होती.

मला सगळ्यात जास्त सांगावीशी वाटते ती ७७७-२००एलआर या विमानाची गोष्ट. अमेरिकेला न थांबता जायला आठ घेतली. विमान उत्तम, जगात त्याच्याइतक्या लांब जाणारी विमानं तेव्हा फार थोडी होती. पण इतकं लांब जायचं तर निघतानाच प्रचंड इंधन भरावं लागतं आणि ते वाहून न्यायलाही इंधन लागतं. तेल महागलं आणि हिशेब कोसळला. २०१३-१४ मध्ये आठातली पाच अबुधाबीच्या एतिहाद कंपनीला विकली. दहा वर्षांनी, कंपनी टाटांकडे गेल्यावर, अमेरिकेच्या उड्डाणांना विमानं कमी पडू लागली, तेव्हा तिनं पाच ७७७-२००एलआरच भाड्यानं आणली. ती पूर्वी अमेरिकेच्या डेल्टा कंपनीकडे उडत होती. हाच मार्ग, हाच विमानप्रकार. आधी विकायचा आणि नंतर दुसऱ्याचा जुना भाड्यानं घ्यायचा. यात विमानाचा काही दोष नाही. तेल इतकं झालं तर हा मार्ग चालेल का, नाही चालला तर हे विमान दुसऱ्या कुठल्या मार्गावर घालता येईल, हे आधी कागदावर मांडलं असतं तर आठच्या जागी कदाचित चार आली असती आणि ती टिकली असती.

शेवट तुम्हाला माहीत आहेच. ऑगस्ट २०२१ अखेर कंपनीवर ६१,५६२ कोटींचं कर्ज होतं. टाटांची बोली १८,००० कोटींची. त्यातले १५,३०० कोटी कर्जाच्या रूपात त्यांनी उचलले, २,७०० कोटी रोख दिले. राहिलेलं ४६,२६२ कोटींचं कर्ज सरकारच्या एका वेगळ्या कंपनीकडे वळतं केलं. म्हणजे ते तुमच्या-माझ्याच डोक्यावर आलं.

पण १११ हा आकडा मोठा होता म्हणून सगळं बिघडलं, असं मी म्हणणार नाही. खरा रोग त्याच्या आधी आणि नंतर आहे. त्याआधी कित्येक वर्षं खरेदी रखडली होती. आणि नंतर २०२३पर्यंत, म्हणजे १७ वर्षं, भाड्यानं आणलेली एअरबसची काही ए३२०निओ सोडली तर मोठी मागणीच नाही. आधी उपास, मग एका बैठकीत पंगत, मग पुन्हा उपास. दुधाचा धंदा करणारा माणूस सगळ्या म्हशी एकाच महिन्यात विऊ देत नाही, कारण मग त्या एकदम आटतात. विमानांचंही तसंच. दोन-तीन वर्षांत आलेली विमानं सहा वर्षांच्या मोठ्या तपासणीला एकदम येतात, बारा वर्षांच्या त्याहून मोठ्या तपासणीला एकदम येतात आणि म्हातारीही एकदम होतात. हँगरमध्ये जागा तेवढीच, तपासणीवर सह्या करणारे इंजिनीअर तेवढेच. मी ज्या कंपनीत होते तिथे अशा वर्षांत आम्ही एका उभ्या विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावत होतो. पहिलं विमान मग महिनोन्‌महिने उभंच राहायचं. जमाखर्चात ते विमान मालमत्ता म्हणून दिसतं, हप्ता चालू असतो, आणि प्रत्यक्षात ते सुट्या भागांचं दुकान झालेलं असतं.

इंडिगोकडे बघा. २००५ मध्ये १०० विमानं, २०११ मध्ये १८०, मग २५०, २०१९ मध्ये ३००, २०२३ मध्ये ५००. मागण्या प्रचंड, पण दर चार-पाच वर्षांनी नेमानं. विमानं येत राहतात, जुनी भाडेपट्टा संपला की परत जात राहतात.

म्हणून ४७०च्या आकड्यानं मी दचकले नाही. आज रांगच तशी आहे. एकट्या एअरबसकडे आठ हजारांहून जास्त विमानांच्या मागण्या पडून आहेत. आज नाव नोंदवलं नाही तर २०३०च्या पुढेच नंबर. शिवाय या वेळी मालकाचं स्वतःचं भांडवल आत आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांची विस्तारा ही कंपनी विलीन झाल्यापासून सिंगापूर एअरलाइन्सचाही २५.१ टक्के वाटा आहे. पण कर्ज मंजूर करण्याआधी तुम्ही विचारले असते ते प्रश्न आजही विचारायला हवेत. दर वर्षी किती येणार? वेळ वाईट आली तर पुढे ढकलता येतील का, लहानाऐवजी मोठं किंवा उलट असं बदलून घेता येईल का? आणि कोणतं जुनं विमान कोणत्या महिन्यात जाणार, याचं वेळापत्रक आहे का? तीनशे विमानांची कंपनी असेल आणि एक विमान सरासरी अठरा वर्षं ठेवायचं असेल, तर वाढ सोडून नुसतं आहे ते टिकवायलाच वर्षाला सोळा-सतरा विमानं बदलावी लागतात. मंदी असो, तेजी असो, सरकार कुठलंही असो, हा आकडा पाळला जावा. त्यात कधी खंड पडू नये, हे माझं ठाम मत आहे.

प्रश्न : मी फर्ग्युसनमध्ये अर्थशास्त्र शिकते. अहमदाबादच्या अपघातानंतर घरात सगळे तिकीट काढताना विमान किती जुनं आहे ते बघायला लागलेत. जुनं विमान धोक्याचं असतं का? मग कंपन्यांनी सगळी नवीच का घेऊ नयेत? (शिवाजीनगर)

तुझ्या घरच्यांची भीती मी समजू शकते. १२ जून २०२५ला विमानातले २४१ आणि खाली असलेले १९ जण गेले, ते आकडे वाचून कुणाचंही मन थाऱ्यावर राहणार नाही. पण एअर इंडियाचं ते ७८७ जानेवारी २०१४ मध्ये ताफ्यात आलेलं होतं, साडेअकरा वर्षांचं. मोठ्या विमानाच्या हिशेबात हे मध्यमवय. चौकशीच्या प्राथमिक अहवालात उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच बंद स्थितीत गेल्याची नोंद आहे. विमानाच्या वयाला त्यात कारण म्हटलेलं नाही.

विमानाचं वय वर्षांत मोजत नाहीत, तीन वह्यांत मोजतात. किती तास उडालं, किती वेळा चढलं-उतरलं, आणि किती वर्षं झाली. पुणे-दिल्ली करणारं ए३२० दिवसात सहा-सात वेळा चढतं-उतरतं, प्रत्येक वेळी केबिनमधल्या हवेच्या दाबानं धड फुगतं आणि पुन्हा सैल होतं. न्यूयॉर्कला जाणारं विमान तेच दिवसातून एकदा-दोनदा करतं. या तिन्ही वह्यांनुसार तपासण्या ठरतात. बारा वर्षांच्या तपासणीत तर आतली आसनं, भिंती, जमीन सगळं उचकटून सांगाडा बघतात. ती नीट झाली तर वीस वर्षांचं विमान सुरक्षितपणे उडतं.

मग नवं का घ्यायचं? पैशासाठी. इथे दोन शहाण्या कंपन्या दोन उलट रस्त्यांनी गेल्या, ते तुला अर्थशास्त्रात उपयोगी पडेल. सिंगापूर एअरलाइन्स विमान तरुण असतानाच विकते, चांगली किंमत येते आणि मोठ्या तपासण्यांचा खर्च पुढच्या मालकावर जातो. अमेरिकेच्या डेल्टानं उलट केलं. डीसी-९ सारखी विमानं तिनं जानेवारी २०१४पर्यंत उडवली, दुसऱ्यांनी टाकलेली एमडी-९० विकत घेतली, काही तर निव्वळ सुट्या भागांसाठी. हे तिला जमलं कारण अटलांटात तिचा स्वतःचा प्रचंड कारखाना आहे आणि जुन्या विमानाचा हप्ता संपलेला असतो. इंधन जास्त लागलं तरी एकूण बेरीज परवडते.

भारतात डेल्टाचा रस्ता कठीण आहे. आपल्याकडे कंपनीच्या खर्चात सुमारे चाळीस टक्के इंधन असतं, त्यावर राज्याचा करही असतो. आपल्या राज्यानं २०२३ मध्ये मुंबई-पुण्यासाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला, तरी १८ टक्के काही थोडा नाही. ए३२०निओ जुन्या ए३२०पेक्षा १५ ते २० टक्के इंधन कमी खातं. तेव्हा भारतीय कंपनीनं नव्याकडे झुकावं हे बरोबरच.

पण ‘सगळी नवीच’ म्हणणाऱ्यांना मी एका इंजिनाचं नाव सांगते : प्रॅट अँड व्हिटनीचं जीटीएफ. नवं, काटकसरी, कमी आवाजाचं. त्यातल्या काही भागांसाठी वापरलेल्या धातूच्या भुकटीत दोष असल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं आणि जगभर शेकडो विमानं तपासणीसाठी उभी राहिली. इंडिगोची २०२४च्या सुरुवातीला सत्तरहून जास्त विमानं इंजिनाविना होती. गो फर्स्ट ही विमानकंपनी मे २०२३ मध्ये बंद पडली तेव्हा तिनं याच इंजिनांकडे बोट दाखवलं. नवा नमुना पहिल्या रांगेत उभं राहून घेऊ नये, आणि घेतलाच तर सुटी इंजिनं विमानाच्या आधी गोदामात यावीत. माझ्या नोकरीत मी हे उलटं घडताना पाहिलंय. विमानाच्या स्वागताला हार-तुरे, पाण्याचे फवारे. आणि त्याच्या भागांची पेटी कस्टममध्ये अडकलेली.

एक जुनी गोष्ट सांगते, ती तुझ्या पुस्तकात नसेल. इंडियन एअरलाइन्सनं १९८९ मध्ये ए३२० आणली तेव्हा आपल्या बऱ्याच धावपट्ट्या कमकुवत होत्या. म्हणून एअरबसनं खास आपल्यासाठी मुख्य चाकांची वेगळी रचना केली : प्रत्येक बाजूला दोनाऐवजी चार चाकं, म्हणजे वजन विभागलं जाईल. जगात इतर कुठल्याही कंपनीची ए३२० अशी नव्हती. त्या वेळी निर्णय चुकीचा नव्हता. पण पुढे धावपट्ट्या पक्क्या झाल्या आणि त्या जास्तीच्या चाकांचं वजन ती विमानं शेवटपर्यंत वाहत राहिली. जगात एकट्याकडेच असलेला भाग गोदामवाल्याला नेहमी छळतो, कारण तो शेजारच्या कंपनीकडून उसना मिळत नाही. ताफा ठरवताना आजच्या अडचणीसाठी विमान घडवून घेण्याआधी ती अडचण किती वर्षं टिकणार आहे ते विचारावं.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीला असते. मागच्या खेपेला विमानात माझ्या समोरचा टीव्हीचा पडदा बंद, खुर्ची मागे होत नव्हती. नवी शेकडो विमानं घेण्यापेक्षा आहेत त्या खुर्च्या आधी दुरुस्त का करत नाहीत? (सिंहगड रस्ता)

आजी, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. ताफ्याचं नूतनीकरण म्हटलं की सगळ्यांना नवं विमान दिसतं. पण मोठं विमान वीस-बावीस वर्षं ठेवायचं तर त्याचं अंतरंग मध्ये एकदा तरी पूर्ण बदलावं लागतं. एअर इंडियाच्या ७८७ आणि ७७७मध्ये ते व्हायला हवं होतं तेव्हा झालं नाही. २०२२च्या अखेरीस कंपनीनं त्यासाठी ४० कोटी डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला. लहान ए३२०निओंचं काम आधी उरकलं. पहिलं ७८७ कॅलिफोर्नियात कामाला गेलं ते जुलै २०२५ मध्ये.

इतका उशीर का, तर विमानाची खुर्ची फर्निचरच्या दुकानात मिळत नाही. तिला सोळापट गुरुत्वाचा धक्का सोसण्याची चाचणी द्यावी लागते, कापड-फोमला आगीच्या चाचण्या, आणि प्रत्येक विमानप्रकारासाठी वेगळी मंजुरी. खुर्च्या बनवणारे कारखाने जगात मोजके आणि सगळ्यांकडे रांग. त्यात विमान कामाला गेलं की महिना-दोन महिने उड्डाणातून जातं. १ सप्टेंबर २०२५पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली, त्याचं एक कारण हेच होतं. दुसरं, पाकिस्तानचं आकाश बंद असल्यानं लांबलेला प्रवास.

म्हणून नियोजनात चार-पाच विमानं अशी हवीत, जी वेळापत्रकात धरलेलीच नाहीत. वरिष्ठांना ती ‘रिकामी’ दिसतात, हिशेबतपासनीस त्यावर शेरा मारतो. मला विचाराल तर त्या शेऱ्याला घाबरू नये. पुढच्या वेळी जाताना मात्र तिकीट काढतानाच विमानाचा प्रकार बघा. एअरबसचं ए३५० असेल तर आतलं सगळं नवं आहे.

प्रश्न : आमचं गाव होऊ घातलेल्या पुरंदर विमानतळाच्या सात गावांपैकी एक. मोठी विमानं येणार म्हणून जमिनी पाहिजेत असं सांगतात. मोठी विमानं खरंच पुण्याला येणार आहेत का? का जमीन जायची आणि विमानं मुंबईलाच उतरायची? (सासवड)

दादा, तुमच्या जमिनीचा निर्णय काय व्हावा हे टिंगरेनगरात बसून मी सांगणं बरोबर नाही. विमानांपुरतं, मला कळतं तेवढं सांगते.

लोहगाव हवाई दलाचा तळ आहे. धावपट्टी २,५३५ मीटरची, विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून ५९० मीटरच्या आसपास. उंचावर आणि एप्रिल-मेच्या उन्हात हवा विरळ होते, विमानाला पळायला जास्त अंतर लागतं. मुंबईची मोठी धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या जवळपास आहे. त्यामुळे ७७७ किंवा ए३५० पोटभर इंधन घेऊन लोहगावहून अमेरिकेला जाऊ शकत नाही, हे खरं आहे. सकाळी सुखोई उडत असतात तेव्हा प्रवासी विमानांना वेळही मिळत नाही. जुलै २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, लोकांना बसायला जागा झाली, पण धावपट्टी तीच.

आता दुसरी बाजू. विमानकंपनी विमान मागवते तेव्हा ते कुठल्या एका गावासाठी नसतं. मोठं विमान रोज साडेतीनशेच्या आसपास खुर्च्या भरणाऱ्या मार्गावर जातं, आणि आज तशी गर्दी मुंबई-दिल्लीला जमते. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईही सुरू झाली, ती पुण्याहून द्रुतगती मार्गानं जवळ. तेव्हा नुसती लांब धावपट्टी बांधली की मोठी विमानं आपोआप येतील असं मानू नये.

मधला रस्ता लहान पण लांब पल्ल्याच्या विमानाचा असू शकतो. २००८पासून काही वर्षं लुफ्थान्झाचं मोजक्या आसनांचं छोटं विमान पुण्याहून फ्रँकफर्टला जायचं. चाकण-पिंपरीतल्या जर्मन कंपन्यांच्या लोकांमुळे ते भरायचं. आता ए३२१एक्सएलआर हे विमान आलंय, कागदावर त्याचा पल्ला ८,७०० किलोमीटर, आणि इंडिगोनं त्याची मागणी नोंदवली आहे. पूर्ण भारानिशी ते लोहगावहून मे महिन्यात उडेल का, याचं गणित कुणीतरी मांडून जाहीर करायला हवं. पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ जून २०२४पासून नागरी उड्डाण खात्याचे राज्यमंत्री आहेत. तुमच्या ग्रामसभेनं त्यांच्याकडे एकच कागद मागावा : पहिल्या पाच वर्षांत कोणती कंपनी, कोणतं विमान, कुठल्या शहराला, आठवड्यात किती वेळा नेणार आहे, आणि त्यापैकी किती लोहगावची धावपट्टी वाढवून शक्य नाही. कंपन्यांकडून लेखी येईल तेच धरा. तो कागद मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि तुमच्या अंजीर-सीताफळांच्या बागा जायच्या असतील तर तो आधी मिळाला पाहिजे.

प्रश्न : आपण चंद्रावर यान उतरवतो, मग प्रवासी विमान स्वतःचं का नाही? राष्ट्रीय कंपनीनं स्वदेशीच घ्यावं. (निगडी)

इच्छा माझीही आहे. पण विमान बनवणं वेगळं आणि तीस वर्षं जगभर त्याचे भाग चोवीस तासांत पोचवणं वेगळं. नेपाळच्या राष्ट्रीय कंपनीनं चीनकडून एमए६० आणि वाय१२ अशी सहा विमानं घेतली. भाग मिळेनात, वैमानिक मिळेनात, २०२० मध्ये उरलेली सगळी उभी करून ठेवली. विमान कुठल्या देशाचं याहून त्याचं गोदाम कुठे आहे हे महत्त्वाचं.

आपण सुरुवात दुरुस्तीपासून करावी. २००६च्या बोइंग कराराचा भाग म्हणून नागपूरच्या मिहान या विमानतळालगतच्या उद्योगक्षेत्रात देखभालीचं केंद्र उभं राहिलं, २०१५ मध्ये सुरू झालं. त्या सगळ्या व्यवहारातून महाराष्ट्राला मिळालेली ही खरी कमाई, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. दर खरेदीत इंजिनदुरुस्ती इथे करण्याची अट घालावी. आयटीआयची मुलं त्यातून घडतील.

प्रश्न : मूळचे आम्ही कुडाळचे. एअर इंडिया विकली, मग सरकारकडे आता विमानकंपनी उरलीय का? सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर अलायन्स एअरचं विमान यायचं तेही बंद झालं. (धायरी)

उरली आहे, आणि तुम्ही तिचंच नाव घेतलंत. अलायन्स एअर टाटांकडे गेली नाही, ती सरकारचीच आहे. तिच्याकडे मुख्यतः एटीआर ७२, सत्तर आसनांची पंख्याची विमानं, थोडी एटीआर ४२ आणि हिंदुस्थान एअरोनॉटिक्सची डॉर्निअर २२८. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी सुरू झालं तेव्हा मुंबईहून तिचंच विमान पहिलं आलं.

राष्ट्रीय विमानकंपनीचा ताफा कसा असावा हा प्रश्न आज सरकारला लागू होतो तो याच कंपनीबाबत, आणि तिच्याबद्दल कुणी पत्र लिहीत नाही याचं मला वाईट वाटतं. तीनशे-चारशे किलोमीटरच्या मार्गावर एटीआर जेटपेक्षा खूपच कमी इंधन खातं. लहान धावपट्टीवर उतरतं, जळगाव-सिंधुदुर्गसारख्या ठिकाणी तेच योग्य विमान. खासगी विमानकंपनी फ्लाय९१ त्याच एटीआरनं पुणे-सिंधुदुर्ग करते आहे, म्हणजे मार्गाला प्रवासी आहेत.

अलायन्स एअरसाठी मी काय करेन ते थोडक्यात सांगते. एकच विमान, एटीआर ७२-६००. बाकीचे प्रकार हळूहळू कमी, कारण दोन-दोन विमानांसाठी वेगळं गोदाम आणि वेगळे वैमानिक ठेवणं छोट्या कंपनीला झेपत नाही. डॉर्निअर फक्त ईशान्येच्या अगदी छोट्या धावपट्ट्यांपुरतं. दर वर्षी दोन-तीन नवी, तितकीच जुनी बाहेर, आणि त्यासाठीचा पैसा सरकारनं अर्थसंकल्पात भांडवल म्हणून द्यावा, कर्ज म्हणून नाही. एक सुटं इंजिन मुंबईत कायम पॅक करून. छोट्या शहरांना विमानसेवा देणाऱ्या सरकारच्या उडान योजनेचं अनुदान तीन वर्षांनी संपतं, म्हणून चौथ्या वर्षी मार्ग कसा चालेल ते पहिल्याच वर्षी लिहून काढायचं. चिपीचं उत्तर त्या चौथ्या वर्षात आहे. तुमच्या तालुक्यातले लोक मुंबईला किती वेळा जातात, गणपतीला किती, मे महिन्यात किती, रात्रीच्या बसला काय देतात, याची यादी तुमच्या मंडळानं केलीत तर मला पाठवा. तिच्यावरून एक वेळापत्रक मांडून मी ते अलायन्स एअरच्या कार्यालयाला लिहीन.